विजेचा पाणवठा आणि रांगेचा हक्क

२०२५ च्या मे महिन्यातली गोष्ट. सोलापूरला एका ॲट्रॉसिटीच्या खटल्याची तारीख होती. ती करून आम्ही पुण्याकडे परतत होतो. गाडी विजेवर चालणारी, घेऊन जेमतेम वर्ष झालेले. महामार्गाला लागून असलेल्या एका हॉटेलच्या आवारात चार्जिंग स्टेशन होते. यंत्राला दोन गन. पैकी एकीवर ‘बंद आहे’ अशी चिठ्ठी चिकटवलेली. दुसरी मोकळी होती. आम्ही गाडी लावली आणि उन्हाचा तडाखा चुकवायला आत जाऊन बसलो. चहा झाला. दुसरा झाला. पक्षकाराचे दोन फोन झाले. बाहेर कोणी येऊन थांबले आहे का, हे पाहायला आम्ही एकदाही उठलो नाही.

बाहेर आलो तेव्हा आमची गाडी ९४ टक्क्यांवर होती आणि शेजारी एक टॅक्सी उभी होती. पंचविशीचा तरुण चालक, भिंतीच्या वीतभर सावलीत अंग चोरून उभा. टॅक्सीच्या मागच्या काचेवर निळ्या अक्षरांत ‘जयभीम’. आम्ही जयभीम केला, त्याने केला. त्याच्या गाडीत ९ टक्के वीज उरली होती आणि त्याला येऊन तास झाला होता.

“अरे, मग आत येऊन सांगायचे ना!”

“तुम्ही जेवत असाल सर. कशाला उठवायचं?”

आम्ही ओशाळून गन काढली. तेवढ्यात पुढे पक्षाचा झेंडा लावलेली एक पांढरी मोठी गाडी आवारात शिरली. देखरेखीला ठेवलेल्या पोऱ्याने आमच्या हातातली गन घेतली आणि सरळ त्या गाडीकडे वळला. याचा नंबर आहे, तासभर थांबलाय, असे आम्ही म्हणालो. त्यावर उत्तर मिळाले, “साहेबांची गाडी आहे. इथं साहेबांची गाडी आली की आधी तीच लावतात. पहिल्यापासून पद्धत आहे.”

साहेब गाडीत नव्हतेच. एकटा ड्रायव्हर होता.

आम्ही वाद घातला. मॅनेजरला बोलावले. तो येईपर्यंत गन लागली होती, आणि एकदा चार्जिंग सुरू झाले की ज्याच्या मोबाईलवरून सुरू झाले त्यानेच ते थांबवायचे, असे मॅनेजरने हात वर करून सांगितले. आमचा आवाज चढला तसा त्या तरुणाने आमचा दंड धरला. “जाऊ द्या सर. तुम्ही आज जाल. मला आठवड्यातून चारदा इथंच यायचंय.”

आणखी पन्नास मिनिटे तो थांबला. आम्हीही थांबलो, पण आमच्या थांबण्याने त्याला काय मिळणार होते? संध्याकाळचे पुणे स्टेशनचे भाडे दुसऱ्याला देत असल्याचा फोन त्याला आमच्यासमोरच आला.

जे वृत्तपत्र अत्याचाराच्या बातम्या छापते, बॅकलॉगवर लिहिते, त्याच्या रकान्यात हे मोटारवाल्यांचे दुखणे कशाला, असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. पण त्या आवारातल्या माणसांकडे पुन्हा पाहा. एक गाडी साहेबांची. एक गाडी आमच्यासारख्या, आरक्षणाच्या आणि शिक्षणाच्या बळावर चार पैसे मिळवणाऱ्या माणसाची. आणि एक गाडी कर्जाच्या हप्त्यावर घेतलेली, जिच्यावर घर चालते. आम्हाला उशीर झाला तर आम्ही घरी उशिरा जेवतो. त्याला उशीर झाला तर त्याचा रोज बुडतो. राज्य शासनाने २०२४ मध्ये महिलांसाठी पिंक ई-रिक्षा योजना आणली. सामान पोहोचवणारी मुले, टॅक्सीवाले विजेच्या गाड्यांवर येत आहेत. हे सगळे आपल्याच वस्त्यांतले. उद्या या यंत्रांपुढच्या रांगांमध्ये साहेब कमी आणि पोट हातावर असलेले जास्त असतील.

रांग म्हणजे काय, हे आम्ही कॉलेजात शिकलो नाही, वस्तीतल्या नळावर शिकलो. पहाटे तास-दीड तास पाणी यायचे. रात्रीच कोणाची कळशी, कोणाचा डबा, कोणाची नुसती वीट रांगेत लागलेली असायची. त्या विटेला माणसाइतकाच मान होता. पाण्याला जोर नसेल त्या दिवशी ठरून गेलेले असायचे, पहिल्या फेरीत प्रत्येकीने दोनच हंडे भरायचे आणि उरले पाणी तर दुसरी फेरी लावायची. ज्या घरात बाळंतीण आहे, ज्या घरात मयत झाली आहे, त्यांना न विचारता पुढे सोडायचे. एक म्हातारी आजी हा सगळा कारभार बघायची. तिला अक्षर येत नव्हते. पण मुकादमाची बायको मध्ये घुसली तर तिचा हंडाही ती उचलून मागे ठेवायची. पुढे जाण्याची सवलत गरजेला होती, हुद्द्याला नव्हती. भांडणे व्हायची, झिंज्या धरल्या जायच्या, हेही खरे. नळाचे चित्र फार सोज्वळ करण्यात अर्थ नाही. पण भांडण व्हायचे ते नियम मोडला म्हणून. नियम काय आहे, याबद्दल कोणालाच शंका नसायची.

आता गंमत पाहा, विजेच्या यंत्राचे शास्त्रही नळासारखेच आहे. हंडा निम्मा होईपर्यंत तोटी पूर्ण सोडता येते. काठोकाठ भरायचा तर तोटी बारीक करावी लागते, नाहीतर पाणी सांडते. जलद चार्जरवर बॅटरीचेही तेच होते. साधारण ८० टक्क्यांपर्यंत ती वेगाने वीज घेते. पुढे तिच्या घटांना धोका पोहोचू नये म्हणून वेग उतरवला जातो. शेवटचे २० टक्के भरायला कधी कधी आधीच्या ५० टक्क्यांइतका वेळ जातो. म्हणजे आम्ही दुसरा चहा घेत होतो तेव्हा आमच्या गाडीत थेंब थेंब वीज पडत होती आणि बाहेर एक माणूस उन्हात उभा होता. पुण्याला पोहोचायला आम्हाला ९४ टक्क्यांची गरज नव्हती. ८० वर आम्ही बाहेर येऊन गाडी काढली असती, तर साहेबांची गाडी येण्यापूर्वीच त्या तरुणाची गन लागलेली असती. साहेबांच्या ड्रायव्हरने त्याचा नंबर घेतला खरा; पण तो घेण्याची संधी आम्ही निर्माण केली. दुसऱ्याने न दिलेले घेऊ नये, हे पंचशीलातले दुसरे शील आम्ही दर रविवारी विहारात म्हणतो. त्यात दुसऱ्याचा वेळही येतो, हे आम्हाला त्या हॉटेलच्या आवारात कळले.

ज्याच्या घरी रात्रभर गाडी लावायची सोय आहे, त्याने भर गर्दीच्या वेळी सार्वजनिक यंत्र १०० टक्क्यांपर्यंत अडवू नये. पुढे लांब पल्ला असेल, वाटेत दुसरे यंत्र नसेल, तर गोष्ट वेगळी. तसे मागच्याला सांगावे. रांगेत कोणी नसेल तर खुशाल भरा. गाडी सोडून जाताना आपला मोबाईल नंबर काचेत ठेवावा. आणि ते यंत्रावरचे लाल बटण! ते आग लागली, शॉक बसला तर दाबायचे आहे. दुसऱ्याचे चार्जिंग थांबवायला ते दाबणारे महाभाग आम्ही डोळ्यांनी पाहिले आहेत. त्याने यंत्रच बंद पडून बसते आणि भांडणाऱ्या दोघांसह मागचे सगळे अडकतात.

पण एवढ्यावर थांबलो तर हा शिष्टाचाराचा धडा होईल, आणि शिष्टाचार हा नेहमी दुबळ्यानेच पाळायचा असतो असा या देशाचा अनुभव आहे. तो तरुण आम्हाला आत येऊन उठवू शकला नाही, तोही शिष्टाचारच. आमचा मुद्दा हक्काचा आहे.

ही यंत्रे कोणाची? कंपन्यांची, असे वरवर दिसते. पण त्यांच्याखाली पैसा कोणाचा आहे ते पाहू. केंद्र सरकारने मार्च २०२३ मध्ये तीन सरकारी तेल कंपन्यांना ७,४३२ जलद चार्जिंग स्टेशनांसाठी ८०० कोटी रुपये मंजूर केले. २०२४ मध्ये आलेल्या पीएम ई-ड्राइव्ह योजनेत चार्जिंगसाठी २,००० कोटी रुपये ठेवले. सरकारी जमीन अशा स्टेशनांना युनिटमागे १ रुपया या हिशेबाने देण्याची तरतूद ऊर्जा मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. स्टेशनला मिळणारी वीज ३१ मार्च २०२८ पर्यंत सरासरी पुरवठा खर्चापेक्षा महाग नसावी आणि सकाळी ९ ते दुपारी ४ या उन्हाच्या वेळेत त्याहूनही स्वस्त असावी, असे २०२४ च्या सूचना सांगतात. महाराष्ट्राच्या २०२५ च्या धोरणाने समृद्धी महामार्गावर, मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि अटल सेतूवर विजेच्या मोटारींना टोल माफ केला. हा सगळा पैसा जनतेचा. जो आयुष्यात कधी मोटारीत बसला नाही, त्याचाही.

सार्वजनिक पैशातून उभ्या राहिलेल्या सोयीवर सर्वांचा हक्क, हे वाक्य आपल्याला नवीन नाही. ऑगस्ट १९२३ मध्ये रावबहादूर सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात नेमका हाच ठराव मांडून मंजूर करून घेतला होता. त्यानुसार १९२४ च्या जानेवारीत महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केले, कागदावर. ते खरोखर खुले करायला परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी हजारोंच्या समुदायासह तळ्यावर जावे लागले. त्यानंतरचा कोर्टातला लढा आपल्याकडे कमी सांगितला जातो. सवर्ण फिर्यादींचे म्हणणे काय होते? अस्पृश्यांनी या तळ्यावर यायचे नाही, ही पूर्वापार वहिवाट आहे. दहा वर्षे दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला की अशी अनादी काळापासूनची वहिवाट सिद्ध झालेली नाही. “पहिल्यापासून पद्धत आहे” हे शब्द त्या पोऱ्याच्या तोंडून ऐकताना आमच्या डोक्यात तो निकालच वाजत होता. साहेबांची गाडी आधी, ही पद्धत कधीपासून? ते यंत्र बसून वर्षही झाले नव्हते! आपल्या देशात वहिवाट किती लवकर जुनी होते पाहा.

पुढे संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात बाबासाहेबांनी तळी, विहिरी, घाट, रस्ते यांच्याबरोबर दुकानेही घातली. संविधान सभेत २९ नोव्हेंबर १९४८ रोजी यावर चर्चा झाली, तेव्हा लाँड्री, दाढी करण्याचे सलून हे दुकानात येतात का, असा प्रश्न आला. दुकान हा शब्द व्यापक अर्थाने घेतला आहे, जो कोणी लोकांना सेवा द्यायला बसला आहे तो त्यात येतो, असा बाबासाहेबांच्या उत्तराचा आशय होता. या उत्तराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध भारत सरकार या खटल्यात दुकान या शब्दाचा विस्तृत अर्थ लावला. तेव्हा यंत्र खासगी हॉटेलच्या आवारात आहे, मालकाच्या मर्जीचा प्रश्न आहे, असे म्हणून सुटका नाही. विजेची सेवा विकणारे चार्जिंग स्टेशन आमच्या मते या अर्थाने दुकानच आहे. जातीवरून कोणाला तिथे अडवले तर १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. २६ जानेवारी २०१६ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने सार्वजनिक जागी, दुकानात जाण्यापासून आणि लोकांसाठी ठेवलेली वस्तू वापरण्यापासून अडवणे हे स्पष्ट शब्दांत गुन्ह्यात आणले आहे.

मात्र इथे वकील म्हणून जपून बोलले पाहिजे. चार्जरवरच्या प्रत्येक घुसखोरीला अस्पृश्यता म्हणणे हा महाडच्या सत्याग्रहींचा अपमान होईल. त्या दिवशी त्या तरुणाला डावलले ते काचेवरच्या जयभीममुळे, की तो टॅक्सीवाला म्हणून, की केवळ साहेबांचा वचक म्हणून? आम्हाला माहीत नाही. कोर्टात आम्ही ते सिद्ध करू शकणार नाही. आणि नेमकी हीच अडचण आहे. रांग जेव्हा कोणाच्या तरी मर्जीवर चालते, तेव्हा त्या मर्जीच्या पोटात काय दडले आहे हे कोणालाच दाखवता येत नाही. जात तिथे खुशाल लपून बसते आणि वर विचारते, पुरावा द्या. नियम भिंतीवर लिहिलेला असेल तर जातीचा पुरावा लागत नाही. तीन नंबरची गाडी दोनच्या आधी लागली, एवढे दाखवले की पुरते.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की जिथे जनतेचा पैसा, जमीन किंवा सवलतीची वीज आहे, त्या प्रत्येक स्टेशनवर मराठीत पाटी लागली पाहिजे. येईल त्या क्रमाने गाडी लागेल, रुग्ण सोबत असेल तर त्याला आधी, मागे कोणी थांबले असेल तर ८० टक्क्यांवर गाडी काढायची, चार्जिंग संपल्यावर गाडी ठेवली तर दंड. हा दंड काही जगावेगळा नाही. टेस्ला कंपनीने आपल्या चार्जरवर तो डिसेंबर २०१६ पासूनच घ्यायला सुरुवात केली. कॅलिफोर्निया राज्याचा वाहन कायदा तर चार्जिंगसाठी राखलेल्या जागेत नुसती गाडी लावून ठेवायलाच मनाई करतो. आपल्याकडे हॉटेलात जेवायला आलेल्यांच्या डिझेलच्या गाड्या त्या जागेत सावली धरून उभ्या असतात आणि हॉर्न वाजवला तर आपल्यालाच दरडावले जाते.

मोबाईलवरून आधी वेळ राखून ठेवण्याची सोय असावी, असे सरकारी सूचनांत पूर्वीपासून आहे. ती वाईट नाही, पण तिने एक नवे भांडण आणले. तासभर उभा असलेला माणूस आणि घरी बसून बटण दाबलेला माणूस, यांत नंबर कोणाचा? राखलेली वेळ यंत्रावर किंवा पाटीवर सर्वांना दिसली पाहिजे. न दिसणारी रांग ही रांग नव्हे. शिवाय ॲप प्रत्येक कंपनीचे वेगळे. त्या तरुणाने आम्हाला मोबाईल उघडून दाखवला. पाच ॲप, आणि पाचांत मिळून त्याचे दोन दिवसांचे डिझेल येईल एवढे पैसे अडकून पडलेले. डिझेल हा शब्द त्याच्या तोंडी अजून सवयीने येतो.

आता थोडे आपल्या नव्या मध्यमवर्गाविषयी. त्यात आम्हीही आलो. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आपली रांग पाहावी. लाखो माणसे, कडेवर मूल, डोक्यावर गाठोडे, रात्र रात्र उभी. अधिकारी तिथे शिपायाच्या मागे उभा असतो आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. तोच अधिकारी ७ डिसेंबरला महामार्गावर गाडीचा दिवा लुकलुकवून “जरा घाई आहे” म्हणतो. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब मजूरमंत्री होते, तेव्हा पाणी आणि वीज हे दोन्ही विषय त्यांच्या खात्याकडे होते. मुबलक आणि स्वस्त विजेशिवाय देशाचे उद्योगीकरण होणार नाही, आणि त्याशिवाय गरिबी हटणार नाही, अशी त्यांची मांडणी होती. ती वीज आज आपल्या गाडीपर्यंत आली आहे. तिच्यापुढे आपण कसे उभे राहतो, हा साधा प्रश्न आहे.

त्या प्रसंगानंतर आम्ही स्टेशन चालवणाऱ्या कंपनीला रीतसर पत्र लिहिले. तारीख, वेळ, बंद गनचा फोटो, सगळे जोडले. “आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे” असे उत्तर एका मिनिटात आले. ते यंत्राने पाठवले असणार. दुसरे पत्र नोंदणीकृत डाकेने पाठवले आहे. त्यात रकमेची मागणी नाही. पाटी, दुरुस्त गन आणि तक्रारवही एवढेच मागितले आहे. महामार्गावरच्या स्टेशनांवर असा अनुभव आलेल्या चालकांनी तारीख, वेळ आणि जमल्यास फोटो जपून ठेवावा. तोंडी तक्रारीला आपल्या व्यवस्थेत किंमत नसते.

त्या तरुणाशी अधूनमधून फोन होतो. पाटी लागली का, असे आम्ही मागच्या वेळी विचारले. नाही लागली. पण त्याने त्याच्यापुरता मार्ग काढला आहे. उन्हातली स्वस्त वीज सोडून तो आता पहाटे पाचला तिथे गाडी लावतो. म्हणाला, “त्या वेळेला कुठलेच साहेब उठलेले नसतात, सर.”